नऊशे नव्याण्णव नारळ

स्वप्नीलच्या नजरेतून चूक सुटत नाही, असं निदान स्वप्नील तरी सगळ्यांना सांगत असे. हॉटेलात गेला की आधी मेन्यूकार्डातल्या चुका काढायचा आणि मग चहा मागवायचा. लग्नाला गेला की आहेराच्या पाकिटाआधी पत्रिका तपासायचा. अशा माणसाला नोकरीही चुका काढायचीच मिळाली, म्हणजे मासा पाण्यात सोडावा तसं झालं!

भाईंदर पश्चिमेला रमणीकभाईंचं पूजेच्या सामानाचं जुनं दुकान होतं. अमेरिकेतल्या भाच्यानं त्यांच्या डोक्यात भरवलं की, मामा, आता लोक उदबत्तीसुद्धा कॉम्प्युटरवरून मागवणार. झालं! दुकानाच्या माळ्यावर दोन कॉम्प्युटर आले आणि 'घरपोच पूजा' नावाची वेबसाइट बांधायला घेतली. बांधायला उत्तनचा प्रिन्स आणि तपासायला गोडदेवचा स्वप्नील. प्रिन्सनं करायचं आणि स्वप्नीलनं ते मोडतंय का बघायचं, अशी कामाची वाटणी होती. दोघांची मैत्री तरीही टिकून होती, हे प्रिन्सच्या स्वभावामुळे.

स्वप्नील अजून हंगामी होता. साइट पाडव्याला सुरू व्हायची होती. "बरोबर चालली तर कायम, नाहीतर राम राम," असं रमणीकभाईंनी स्वच्छ सांगितलेलं. तिकडे नीलमच्या वडिलांनीही स्वच्छच सांगितलेलं, "मुलगा कायम झाला की तारीख काढू." म्हणजे स्वप्नीलची नोकरी, स्वप्नीलचं लग्न आणि स्वप्नीलच्या आईची झोप, ही सगळी ओझी त्या एका वेबसाइटवर टांगलेली होती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी प्रिन्स म्हणाला, "ए, गोदामातला प्रिंटर जोडलाय आज. आता ऑर्डर टाकशील तर नावापुढे 'टेस्ट' लिही. न्हायतर बबन खरंच माल पाठवंल."

"खरं गिऱ्हाईक कधी नावापुढे टेस्ट लिहितं का?"

"तू खरं गिऱ्हाईक हायस का?"

"तपासताना स्वतःला गिऱ्हाईकच समजायचं असतं, प्रिन्स! नाहीतर चूक दिसणारच नाही."

"तू कर, बाबा, काय करायचं ते," असं म्हणून प्रिन्स डबा उघडून बसला. सकाळचे दहा वाजले होते, पण स्वप्नीलशी बोललं की त्याला भूक लागत असे.

स्वप्नीलनं नारळाचं पान उघडलं. 'किती हवेत?' या चौकटीत त्यानं शून्य टाकलं. साइट नाही म्हणाली. उणे तीन टाकलं, नाही म्हणाली. आकड्याच्या जागी 'आंबा' टाकलं, तरीही नम्रपणे नाहीच म्हणाली. स्वप्नीलचा चेहरा पडला. मग त्यानं नऊशे नव्याण्णव टाकलं. साइट जवळपासच्याच पत्त्यावर माल देई आणि घरचा फोननंबरही मागे, म्हणून नाव, पत्ता, फोन, सगळं स्वतःचंच घातलं. पैशांच्या जागी प्रिन्सनं चाचणीसाठी करून दिलेला खोटा कार्डनंबर भरला आणि बटण दाबलं.

'आभारी आहोत! आपली ऑर्डर निघाली आहे.'

"सापडली!" स्वप्नील खुर्चीवरून उठलाच. "एका घराला हजाराला एक कमी नारळ! आणि तुझी साइट आभार मानतेय!"

त्यानं लगेच नोंद केली : नारळाच्या संख्येला वरची मर्यादा नाही, दोष फार गंभीर. ऑर्डर रद्द मात्र केली नाही. सापडलेल्या चुकीचा पुरावा पुसायचा नाही, हे त्याचं तत्त्व होतं. मग तो समाधानानं कापराकडे वळला.

खाली गोदामात प्रिंटरमधून कागद बाहेर आला. बबन हा फार जबाबदार माणूस. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. 'टेस्ट' कुठे लिहिलेलं नव्हतं. पैसे मिळाल्याचं लिहिलेलं होतं. तरीही एवढा माल म्हणजे एकदा विचारून घ्यावं, म्हणून त्यानं कागदावरच्या नंबरवर फोन लावला.

फोन काशीनाथांनी उचलला. हे स्वप्नीलचे वडील. गिरणीच्या ऑफिसात आयुष्यभर खाली मान घालून काम केलं आणि खाली मान घालूनच निवृत्त झाले. फोनची त्यांना भीती वाटे. फोनवर ते सगळ्याला 'हो' म्हणत, कारण 'नाही' म्हटलं की समोरचा 'का' विचारतो आणि बोलणं वाढतं.

"काका, नारळ मागवलेत ना?"

"हो हो."

"नऊशे नव्याण्णव?"

"हो."

"सोललेले की शेंडीचे?"

इथे काशीनाथ अडकले. या प्रश्नाला 'हो' हे उत्तर बसत नव्हतं. शेवटी ते हळूच म्हणाले, "...हो."

"शेंडीचेच देतो मग. पूजेचे म्हणजे शेंडीचेच."

"हो हो," म्हणून काशीनाथांनी सुटकेचा श्वास सोडला आणि फोन ठेवला. नऊशे नव्याण्णव हा आकडा त्यांच्या कानावर पडला होता, पण घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात आकडे शिरत नाहीत.

बबननं गोदामातले सगळे नारळ भरले. कमी पडले ते बाजारातून उचलले आणि दुपारी टेम्पो गोडदेवला रवाना केला.

टेम्पोवाल्यानं तिसरा मजला ऐकला, लिफ्ट नाही हे ऐकलं आणि पोती खाली सोसायटीच्या आवारातच उतरवून तो निघून गेला. काशीनाथ धावत खाली आले. पोत्यांवर त्यांचंच आडनाव होतं आणि खाली आकडा, नऊशे नव्याण्णव. ते एका पोत्यावर बसले आणि विचार करू लागले. फार विचार करावा लागला नाही. बायको, सुचेता, गेले काही महिने मुलाच्या नोकरीपायी हवालदिल होती. तिनं नवस बोलला असणार. आपल्याला सांगितलं नाही, कारण आपण देवधर्म करत नाही.

एवढ्यात सुचेताबाई भाजी घेऊन फाटकातून आत आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. ज्या माणसानं उभ्या जन्मात देवापुढे हात जोडले नाहीत, तो नारळांच्या राशीत बसला होता! मुलासाठी यांनी नवस बोलला! आणि आपल्याला पत्तासुद्धा नाही! त्यांचे डोळे भरून आले.

बोललेल्या नवसाबद्दल विचारायचं नाही, असा त्या घरचा रिवाज होता. त्यामुळे नवराबायकोत एवढंच बोलणं झालं :

"आले का?"

"आले."

"सगळे?"

"सगळेच दिसतायत."

तळमजल्यावरच्या गोदूबाई खिडकीतून हे सगळं बघत होत्या. त्या बाहेर आल्या. "अगो सुचेता, दुकान काढलंस काय?"

"नवस आहे हो."

"कसला?"

"स्वप्नीलच्या नोकरीचा."

"म्हणजे? झाला कायम?"

सुचेताबाई क्षणभर थांबल्या. नवस फेडायचा तो इच्छा पुरी झाल्यावरच. नारळ आले म्हणजे... "त्याशिवाय का नारळ आलेत!" त्या म्हणाल्या, आणि हे वाक्य तोंडातून निघताच त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला.

गोदूबाईंना एखादी गोष्ट कळली की सोसायटीच्या फळ्यावर वेगळं लिहावं लागत नसे. थोड्याच वेळात बायका हळदकुंकवाच्या कोयऱ्या घेऊन खाली उतरल्या. कोणी सतरंजी आणली. एकेका नारळाला हळद, मग कुंकू, मग पुढचा नारळ. सुचेताबाईंनी वर जाऊन नीलमच्या आईला फोन केला.

आणि स्वप्नीलला स्वतःची आनंदाची बातमी अशी कळली :

"अभिनंदन! मला सगळ्यांच्या शेवटी कळतंय!" नीलम फोनवर रुसून म्हणाली. "बाबा पंचांग घेऊन बसलेत. पण काय रे, हजार नारळ? लोक पाच बोलतात, अकरा बोलतात!"

"कसले हजार?"

"हजाराला एक कमी, असं तुझी आई म्हणाली."

स्वप्नीलनं घाईनं सकाळची ऑर्डर स्क्रीनवर काढली. तेवढ्यात जिना चढून रमणीकभाई आले, हातात पेढ्यांचा पुडा. "अरे, सांभळो, ऐका! साइट उद्या उघडणार, आणि आजच पहिली ऑर्डर! बबन बोलला, गोदाम साफ! आपला प्रिन्स तो हिरो छे!" त्यांनी प्रिन्सच्या तोंडात पेढा कोंबला.

प्रिन्सनं पेढा चघळत स्क्रीनकडे पाहिलं. मग स्वप्नीलकडे पाहिलं. मग चघळणं थांबवलं. "रमणीकभाई," तो जड आवाजात म्हणाला, "गिऱ्हाईक इथंच बसलंय."

रमणीकभाई स्वप्नीलला रिक्षात घालून गोडदेवला निघाले. रिक्षा रेल्वे ओलांडून पूर्वेला वळली तेव्हा म्हणाले, "पहिला माल परत. एकेक नारळ मोजून. पछी तू घरी बस. उद्यापासून यायचा नाय."

स्वप्नीलनं मान हलवली. त्याला वाटलं, नोकरी गेली ती गेली, निदान माल तरी परत जाईल.

आवारात पाऊल टाकलं आणि त्याची तीही आशा संपली. नारळ ओळीनं मांडलेले होते, आणि सगळे लालपिवळे! हळदकुंकू लागलेला नारळ दुकानात परत मांडायला रमणीकभाईंची काय, कुणाचीच छाती झाली नसती. रमणीकभाई दोन्ही हात कमरेवर ठेवून त्या राशीकडे बघत राहिले. त्यांनी तोंड उघडलंच होतं, इतक्यात गोदूबाई ओरडल्या, "अगो, साहेब आले! पोराला कायम करणारे साहेब आले!"

खुर्ची आली. हार आला. कुणीतरी रमणीकभाईंच्या कपाळाला टिळा लावला, कुणी हातात नारळ दिला. त्यांचाच नारळ! एका आजींनी तर त्यांच्या पायांना हात लावला. राग गिळताना माणसाच्या गळ्यात हार असला की राग खाली उतरत नाही आणि वरही येत नाही, तसा त्यांचा चेहरा झाला.

आणि मग काशीनाथ पुढे आले. सोसायटीच्या सभेतही जो माणूस कधी बोलला नाही, तो चारचौघांत उभा राहिला.

"साहेब," ते म्हणाले, "मला मागता येत नाही. नोकरीत कधी पगारवाढ मागितली नाही, देवाकडेही काही मागितलं नाही. पोरासाठी तरी मागायला हवं होतं, ते जमलं नाही. हिनं मागितलं. तुम्ही दिलंत." त्यांनी हात जोडले.

"अहो, मी कुठे?" सुचेताबाई म्हणाल्या. "नवस तर तुम्ही बोललात ना?"

"मी? नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी स्वप्नीलकडे पाहिलं. स्वप्नीलनं तोंड उघडलं, पण त्याआधीच गोदूबाईंनी निकाल लावला, "म्हणजे पोरानंच बोलला! आईबापाला पत्ता न लागू देता! गुणाचं गं पोर!" बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

रमणीकभाईंनी जमलेल्या लोकांकडे पाहिलं. लालपिवळ्या राशीकडे पाहिलं. काशीनाथांचे हात अजून जोडलेलेच होते, खाली घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं. रमणीकभाईंच्या चेहऱ्यावरचा राग कुठेतरी विरघळला. ते उठले, त्यांनी काशीनाथांचे हात धरून खाली केले. "काका, असा नका करू. मुलगा कायम. पाडव्यापासून कायम!"

टाळ्या पडल्या. स्वप्नील त्यांच्या कानाशी लागून म्हणाला, "साहेब, खरं सांगतो, ती फक्त टेस्ट..."

"चूप बेस," रमणीकभाई पुटपुटले. "कायम झाला ने? आता चूप."

संध्याकाळी सगळी सोसायटी नारळ घेऊन नाक्यावरच्या देवळात गेली. काशीनाथ सर्वांत मागे, दोन्ही हातांत एकेक नारळ धरून, परक्याचं बाळ सांभाळावं तसे चालत होते. स्वप्नीलनं घरी आल्यावर आईवडिलांना सगळं खरं सांगितलं. सुचेताबाई म्हणाल्या, "टेस्ट असू दे नाहीतर काहीही असू दे, देवाला पोचले ना?" सोललेले की शेंडीचे, हा प्रश्न काशीनाथांना आत्ता कुठे कळला होता.

स्वप्नीलनं दाखवलेली चूक प्रिन्सनं दुरुस्त केली. एका घराला फार तर अकरा नारळ. स्वप्नीलनं बारा टाकून पाहिले, आणि साइट ठामपणे नाही म्हणाली. या वेळी त्यानं नावापुढे 'टेस्ट'ही लिहिलं होतं. काम चोख झालं, अशी त्यानं सही केली.

लग्नाची तारीख निघाली त्याच आठवड्यात गोदूबाई तीन मजले चढून वर आल्या. त्यांचा मुलगा दशरथ कितीतरी वर्षं कंपन्यांचे उंबरे झिजवत होता. "लागली रे त्याला नोकरी!" त्या दारातूनच म्हणाल्या. "तुझे नारळ बघितले तेव्हाच मी मनात बोलले होते. एकशे एक! आता तुझ्या त्या कॉम्प्युटरवर टाक माझं नाव. तुझ्याच कंपनीचे हवेत. गुण आहे त्यांना."

स्वप्नीलकडे आता घरीही एक कॉम्प्युटर होता. त्यानं त्यावर एकशे एक टाकले. लाल अक्षरं आली.

"काय लिहिलंय रे?"

"अकराच्या वर नारळ मिळणार नाहीत, असं."

गोदूबाई पडद्याकडे बघतच राहिल्या. "तुझ्या वेळी हजार, आणि माझ्या दशरथच्या वेळी अकरा? आता देवाला मी काय सांगू?" त्यांचा आवाज खरोखरच चिरकला. मग त्यांना संताप आला. "आणि हे असलं काहीतरी सुरू करायच्या आधी तुमच्यात कुणी तपासून बघत नाही का रे?"

स्वप्नील उठला आणि त्यानं गोदूबाईंच्या डोक्यावरचा पंखा मोठा केला.