बर्फाची तीन घरं

नव्या घराची पश्चिमेची भिंत कशाची बांधायची, एवढंच ठरवायचं होतं. त्या भिंतीआड बायको शिलाई मशीन मांडणार होती. आमच्या भाड्याच्या खोलीत दुपारी भिंतीला टेकलं, की पाठीला इस्त्री होते. "इथे तरी मला माणसासारखं शिवू द्या," एवढंच तिनं मागितलं होतं.

सासरे जुने गवंडी. म्हणाले, "दीड विटेची भिंत घाला. तोफ आली तरी हलणार नाही."

"तोफ कशाला येतेय, बाबा?" मेहुणा म्हणाला. तो सिमेंटचे पोकळ ब्लॉक विकतो. "दाजी, ब्लॉक घ्या. डोळे मिटून घ्या."

मी (लग्नानंतर प्रथमच सासऱ्यांसमोर तोंड उघडून) म्हणालो, "अर्ध्या विटेच्या दोन भिंती, मधे चार बोटं मोकळी जागा. उन्हाची धग आत पोचणार नाही."

"दोन भिंती आणि मधे काहीच नाही!" सासरे म्हणाले. "हे तुम्हालाच सुचणार, जावईबापू."

सगळे हसले. मीही हसलो. (मी तेव्हा हसतो आणि घरी जाऊन वाईट वाटून घेतो.) पण बायको हसली नाही, म्हणून मला चेव आला.

मी बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलतो. शाळा सातवीत सुटली, पण बर्फ कसा वितळतो यात मला कुणी हरवू शकत नाही. सुट्टीच्या दिवशी मी प्लॉटवर खुराड्याएवढी तीन घरं रचली: एक सासऱ्यांच्या जाड भिंतीचं, एक ब्लॉकचं, एक माझ्या दोन भिंतींचं. प्रत्येकात सारखाच बर्फ, वर फळीचं झाकण. उरलेली लादी पोत्याखाली झाकली. संध्याकाळी ज्याचा बर्फ जास्त, त्याची भिंत. मी छत्री घेऊन राखण करत बसलो. फक्त जेवायला तेवढा उठलो.

संध्याकाळी सगळे जमले. सासऱ्यांच्या घरातला बर्फ सकाळपेक्षा मोठा झाला होता.

"जाड भिंतीत धरतो बाळसं," सासरे गंभीरपणे म्हणाले.

मेहुण्याच्या घरात एकाचे दोन तुकडे होते. "पिल्लू झालं, दाजी!"

माझ्या घरात नुसतं पाणी. त्यात एक मुंगी पोहत होती.

"ही लबाडी आहे," मी हळूच म्हणालो. (मोठ्यानं म्हणायचं ठरवलं होतं.)

"आहेच," बायको म्हणाली. "तुम्ही जेवायला गेलात आणि आम्ही तिघंही त्या पोत्यापाशी भेटलो. तुमच्या घरात मीच दुप्पट बर्फ टाकला."

"मग गेला कुठे?"

"दर पाच मिनिटांनी झाकण उचलून 'गार आहे ना, गार आहे ना' बघत होतात! तरी तो ऊन कलेपर्यंत टिकला. म्हणजे भिंत चांगलीच आहे. दोष भिंतीचा नाही." मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, मशीनवर मी बसणार. भिंत यांचीच."

बांधली. भर उन्हाळ्यात ती खोली फार गार असते म्हणे. सासरे रोज दुपारी तिथे झोपायला येतात आणि उठल्यावर माझी पाठ थोपटून सांगतात, "जावईबापू, काय गारवा आहे हो आत!"

मला त्या खोलीचं दार उघडायची बंदी आहे.