दुसऱ्या बाजूचे दौलतभाऊ

आमचे दौलतभाऊ मेलेल्या माणसांकडूनही लेख मागवतात.

पांढुर्ण्यात ते दिवाळी अंक काढतात. सून सासूविरुद्ध लिहो की भाऊ भावाविरुद्ध, त्यांचा सवाल एकच : "दुसऱ्या बाजूचं कोण बोलून राहिलं?" दुसरी बाजू नाही तर छपाई नाही. एकानं संत्र्याच्या बगीच्यात धुडगूस घालणाऱ्या वानरांवर लिहिलं, तर म्हणे, "वानराचं म्हणणं कुठं हाय?" शेवटी ते ह्यांनीच लिहिलं. बगीचावाला शपथेवर सांगतो, तेव्हापासून एक हुप्प्या रोज कुंपणावर येऊन बसतो, एक संत्रं तोडत नाही, नुसता त्याच्याकडे पाहतो. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जत्रेत नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड भिरकावणाऱ्या आमच्या गावात हे असलं खूळ!

मी शाळामास्तर. मी माझ्या सावत्र आईवर लिहिलं. चांगली सोलूनच काढली. ती वारून वीस वर्षं झाली, म्हटलं आता आणा दुसरी बाजू!

"आणतो ना," म्हणून भाऊंनी डोळे मिटले. भरदुपारी, मिटल्या डोळ्यांनी त्यांचा हात कागदावर चालू लागला. अक्षर त्यांचं नव्हतं.

'पोरगं माह्याशी बोलत नव्हतं. त्याच्या नव्या सदऱ्याच्या कॉलरीत मी काळा दोरा शिवला, नजर लागू नये म्हून. त्याले सांगतलं नाही. सांगतलं असतं तं उसवून फेकला असता.'

मॅट्रिकचा तो सदरा बापानं घेतलेला, म्हणून ट्रंकेत जपलेला. घरी येऊन कॉलर उसवली. आत काळा दोरा! मग ढसाढसा रडलो, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, "भाऊ, दोन्ही छापा." आणि मग राहवलं नाही. भाऊंची बायको बारा वर्षांपासून सौसरला माहेरी आहे; का, ते गावात कोणालाच ठाऊक नाही. विचारलं, "वहिनींची बाजू लिहिली का कधी?"

भाऊ टेबलावरचे कागद उगाच सारखे करत राहिले. "रोज बसतो. मेलेल्याचं येते, वानराचं येते. तिचं नाही येत."

"अहो, ती जिती-जागती आहे! बसनं सौसरला जा अन् विचारा."

"जातो ना बसस्टँडावर. गाडी सुटली का घरी येतो."

"पण का?"

मेलेल्यांना न भिणारा तो माणूस माझ्याकडे घाबरून पाहू लागला. म्हणाला, "अन् तिनं खरंच सांगतलं तं, मास्तर?"