आखाजीची गिटार

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे घागर पुजतात, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात आणि वर्षात घरातलं जे माणूस गेलं त्याच्या आवडीचं शेजारी मांडतात. आई प्रमोददादासाठी जिलेबी मांडणार होती. पण डांगर घेऊन परतताना पर्वत पाटियाला गिटारचं दुकान दिसलं आणि मी आत शिरलो. (विचार मी नंतर करतो. शाळाही अशीच सुटली.)

दादा थंडीत गेला. कामरेजच्या रस्त्यावर, बाईकवरून पडून. ह्याच दुकानाच्या काचेला तो नाक लावायचा, मग घरी येऊन झाडू वाजवायचा. वर मला हुकूम, "लखन, चहा ठेव!"

भिंतभर गिटारी. चुकीची घेतली तर? मी डांगर निवडतात तशी एकेक गिटार कानाशी धरून टकटक करू लागलो.

"भाई, आ सक्करटेटी नथी!" गुजराती दुकानदार ओरडला. "तार नायलॉनची की स्टीलची?"

"स्टील. नायलॉन कारखान्यात रोज बघतो. भावाला आवडली नाही तर बदलून द्याल?"

"त्यांनाच घेऊन या ने."

"बाहेर असतो. आखाजीला येईल."

"तर त्या दिवशी आणा."

"फक्त जेवायला येतो हो. घाईत असतो."

शेवटी जिचा आवाज पिकलेल्या डांगरासारखा आला, ती घेतली.

घरी टांगायला खिळासुद्धा ठोकला. आखाजीला शेजारचे उखाकाका दादाच्या जागी पितर म्हणून जेवायला बसले. पोटभर जेवले. आईनं रीतीप्रमाणे टोपी-टॉवेल दिला आणि वर गिटारही दिली!

"आई, अगं ती..."

"त्याचीच शे ना?"

पितराच्या हातून वस्तू कोण ओढणार? काका गिटार काखेत मारून गेले. खिळ्याला मी पिशवी अडकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पलीकडून धँव, धँव! तारा रडत होत्या. मी उठलो, तर आई भिंतीला कान लावून उभी. थंडीपासून पहिल्यांदाच हसत होती.

"पोऱ्या वाजाडी राह्यना," ती म्हणाली.

मला रडूही आलं आणि रागही. मी तरातरा पलीकडे गेलो.

"काका, गिटार द्या परत!"

काकांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "काका कोन? मी तुना मोठा भाऊ शे. चहा ठेव."

ठेवला. साखर कमी पडली म्हणून शिवीही खाल्ली.