गुलाबमामांचा फ्रान्स

गुलाबमामांच्या ओसरीत शिरताना मान खाली घालावी लागते. दार बुटकं आहे म्हणून नव्हे, वरून टोपल्या लोंबत असतात म्हणून. भिंतीवर दुरड्या, खिडकीत परड्या आणि मधोमध दिव्यावर कोंबड्या झाकायचं भलंमोठं डालगं. मामांची कोंबडी रोज सकाळी त्या डालग्याखाली येऊन मान वर करून उभी राहते. आपलं घर एवढं उंच कुणी नेलं, हे तिला अजून कळलेलं नाही.

"मामा, हे काय हो?" असं नवख्या माणसानं विचारलं की उत्तर ठरलेलं.

"फ्रान्सात असंच रायते."

मामा फ्रान्सला गेलेले नाहीत. शेगावच्या पलीकडेही फारसे गेलेले नाहीत. सगळा जन्म मोताळ्याजवळच्या आमच्या गावात वांगी-मिरच्या पिकवण्यात गेला. मी शेजारी राहते, गावातल्या शाळेत शिकवते. फ्रान्समधल्या खेड्यातल्या घरांचे फोटो मामांनी माझ्या मोबाइलवर इतके पाहिले, की आता तो मोबाइल फ्रेंच पडदे घ्या म्हणून माझ्याच मागे लागतो. हा सगळा थाट एका माणसानं येऊन बघावा म्हणून आहे. ते माणूस म्हणजे मामांची मुलगी वंदना, आणि ती येत नाही.

फोटोतल्या भिंती जुनाट दिसतात, म्हणून मामांनी आधी नवा चुना दिला आणि मग विटेच्या तुकड्यानं घासून तो जुना केला. रंगारी हात जोडून निघून गेला. फोटोत जांभळ्या फुलांच्या वाळक्या जुड्या टांगलेल्या होत्या. ती फुलं आमच्याकडे कुठून आणणार? मामांनी सब्ज्याच्या मंजिऱ्या टांगल्या. त्या माझ्या बकरीनं खाल्ल्या.

"मामा, फ्रान्सात बकऱ्या नसतात का?" मी विचारलं.

"असतीन. पण त्याईले वळण असन."

मोताळ्याच्या बाजारात टोपल्या विणणारा बुरूड मामांना दुरून बघूनच उठून उभा राहतो. भाजीवाले प्लास्टिकच्या क्रेटवर गेल्यापासून असं गिऱ्हाईक त्याला उरलंय कुठं?

माझं आणि मामांचं भांडण मात्र कांद्यावरून. आमच्याकडे कुणाचं टोपलं किंवा भांडं रिकामं परत करत नाहीत. मूठभर ज्वारी, काहीच नसलं तर गुळाचा खडा, पण काहीतरी घालायचंच. रिकामं टोपलं परत धाडणं म्हणजे आता येणं-जाणं संपलं असं सांगणं. त्यामुळे मामांच्या भिंतीवरच्या एवढ्या रिकाम्या टोपल्या बघून मला चैन पडेना. जाता-येता मी त्यात एखादा कांदा टाकायची.

"बाई, काढा तो कांदा! फ्रान्सात टोपले रिकामेच रायते!"

'फ्रान्सात असंच रायते' हे वाक्य मुळात मामांचं नाही, वंदनाचं आहे. मामी लवकर गेल्या. वंदनाच्या वेण्यासुद्धा मामांनीच घातल्या. पुढे ती पुण्याला घरं सजवायचं शिकायला गेली. सहा वर्षांपूर्वी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला घरी आली, तेव्हा मामी ज्या दुरडीतून बाजारात मिरच्या न्यायच्या, ती जुनी दुरडी तिनं ओसरीच्या भिंतीवर टांगली. म्हणाली, "बाबा, फ्रान्सात शेतकऱ्याईच्या घरी असंच रायते."

नेमके त्याच दिवशी तिला बघायला पाहुणे आले. त्यांच्यातला एक जण दुरडीकडे बघून गालात हसला. ते हसू मामांना झोंबलं. ताडकन उठले, दुरडी काढली आणि अंगणात भिरकावली.

"एवढं शिकवलं, अन् टोपले टांगाची विद्या शिकून आली!"

सगळे हसले. चहाचा ट्रे घेऊन मी उभी होते. मीही हसले. ते हसणं मला अजून छळतं.

वंदनानं दुरडी उचलली, धूळ झटकली आणि ती घेऊनच दुपारच्या एसटीनं गेली. लग्नही तिकडेच केलं. गावाकडे पुन्हा आली नाही.

दोन वर्षांपूर्वी मामांनी पहिला खिळा ठोकला. मग दर रविवारी मी ओसरीचा फोटो काढायचा आणि वंदनाला पाठवायचा. ती बघायची, एवढं कळायचं. उत्तर कधीच नाही. भिंतीवर मधोमध एक खिळा मात्र मामांनी मोकळा ठेवला होता. त्या दुरडीचा.

यंदा आखाजी जवळ आली तसे मामा माझ्याकडे आले. "लिहा बाई. खिळा मोकळा हाय."

"एवढंच? ये म्हणून लिहू ना?"

"तिले समजते."

मी तसंच लिहिलं. बापाचा ताठा कौतुकानं बघत बसले. मास्तरीण असून एक शब्द स्वतःच्या पदरचा घालायचं मला सुचलं नाही.

सणाच्या आदल्या दिवशी कुरिअर आलं. मामांनी घाईघाईनं दोरी सोडली. आत ती दुरडी होती. वंदनाला वाटलं असणार, बापाला दुरडी हवी आहे. मामांनी आतला कागद उलगडून बघितला, दुरडी उपडी करून तळावर थाप मारली. काही पडलं नाही. मला त्यांच्याकडे बघवेना.

"फ्रान्सात असंच रायते," मामा हळूच म्हणाले.

दुरडी त्यांनी खिळ्याला लावली. दोन पावलं मागे सरून बघितली. पुन्हा काढून घेतली आणि मांडीवर घेऊन बसले.

"बाई, तुमचा तो कांदा आना बरं."

मी चार कांदे आणले. मामांनी वाळल्या मिरच्या घातल्या, तुरीची डाळ घातली, वर गुळाचा खडा ठेवला. दुरडी फडक्यानं घट्ट बांधली. "हे पाठवून द्या. अन् लिहा, टोपलं रिकामं देऊ नाई."

मी लिहायला लागले.

"नोका लिहू ते. खोडा." मामांनी फडक्याची गाठ पुन्हा एकदा आवळली. "लिहा, ये. माह्यंच चुकलं."

मी लिहिलं. एवढंसं लिहायला मामांना सहा वर्षं लागली. त्यातली दोन तर माझ्याच मोबाइलवर गेली.

दुरडी पोचली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. आता भिंतीवरच्या टोपल्यांत मी कांदे टाकते, आणि मामा काही म्हणत नाहीत.