आतली काच पुसायची कोणी?

वैजनाथअप्पांच्या चष्म्यांच्या दुकानावरून चष्मेवाला माणूस सरळ निघून गेलाय, असं मी तरी पाहिलेलं नाही. अप्पा गल्ल्यावरून उठतात, वाट अडवतात आणि न विचारता त्याचा चष्मा काढून घेतात. दांडी जराशी वाकवतात, खिशातल्या पिवळ्या फडक्यानं काचा पुसतात आणि स्वतःच्या हातानं परत नाकावर बसवतात. "आता बघा दुनिया!" पैसे घेत नाहीत. एकदा तर वरातीतल्या नवरदेवाला त्यांनी घोड्यावरून खाली वाकायला लावलं होतं.

लातुरात आमच्या क्लासची पहिली बॅच पहाटे साडेपाचला भरते. बावीस वर्षं प्रकाशाचा तोच धडा शिकवून मी इतका दमलोय, की माझा चष्मा वाकडा आहे हे मला कळतही नाही. अप्पांना ते रस्त्यापलीकडून कळतं. क्लासेस वाढले तसे पोरांच्या डोळ्यांचे नंबर वाढले, दुकानही वाढलं. पण अप्पा गिऱ्हाइकांवरच चिडतात. "जरा लांबचं बघत जावा की रे! ते बघा, लिंबावर पोपट बसलाय." पोपट कधीच नसतो.

ही चष्मे पुसायची खोड किल्लारीची. भूकंपानंतर लोक धान्य आणि ब्लँकेटं घेऊन धावले, अप्पा जुन्या चष्म्यांचं पोतं जीपमध्ये टाकून गेले. सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. तिथं पत्र्याच्या शेडात एक म्हातारी होती, तिचा चष्मा ढिगाऱ्यात गेलेला. सतरावा चष्मा तिला लागू पडला. तिनं गावाकडं पाहिलं आणि चष्मा काढून परत दिला. "नको लेकरा. न्हाई बघवत." अप्पांनी काचा पुसल्या, चष्मा पुन्हा तिच्या नाकावर ठेवला आणि तिचं तोंड शेजारच्या नातवाकडं वळवलं.

"तवापासून हात ऱ्हात न्हाई, सर," एवढंच ते सांगतात.

गौरी त्यांची एकुलती एक मुलगी. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती आणि चष्म्याचा नंबर तेव्हाच वयापेक्षा जास्त. पुढं तो चौदावर गेला. रोज सकाळी बाहेर पडताना ती अप्पांसमोर डोळे मिटून उभी राहायची. अप्पा चष्मा काढायचे, पुसायचे, बसवायचे. ती डॉक्टर झाली तरी हे चुकलं नाही.

यंदा तिला पुढच्या शिक्षणासाठी नागपूरला जागा मिळाली. मास्क लावला की काचांवर वाफ धरते, म्हणून जाण्याआधी तिनं डोळ्यांत लेन्स बसवून घ्यायचं ठरवलं. तिच्या नंबराला लेझर चालणार नव्हतं. डोळ्याच्या आत, स्वतःच्या भिंगापुढं एक पातळशी लेन्स सरकवायची होती. अप्पा मला ओढतच दुकानामागच्या घरी घेऊन गेले.

"सर, तुम्ही सांगा हिला. काच बाहेरच बरी. पुसता येती. आतली पुसायची कोणी?"

"अप्पा, आतली मळत नाही," गौरी म्हणाली. "आणि नकोशी झाली तर काढताही येते."

"काढताच येती तर घालायची कशाला?"

मी प्रकाशाचा धडा शिकवणारा माणूस. मी चहा प्यायलो आणि घरी आलो.

ऑपरेशन चांगलं झालं. चार दिवसांनी मी दुकानात बसलो होतो, तेवढ्यात गौरी बाहेर निघाली आणि सवयीनं अप्पांसमोर डोळे मिटून उभी राहिली. अप्पांचा हात तिच्या कानापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. दुसऱ्या हातात फडकं होतं. मला उठून जावंसं वाटलं.

गौरीनं डोळे उघडले. पर्समधून थेंबांची बाटली काढून त्यांच्यापुढं धरली. "अप्पा, दिवसातून चारदा घालायचेत. महिनाभर."

अप्पांनी फडकं खिशात ठेवलं, साबणानं दोनदा हात धुतले, तिची मान हळूच मागं केली आणि थेंब घातले. तेव्हापासून दुकानाचं शटर दिवसातून चारदा अर्धं खाली येतं. गिऱ्हाईक थांबतं.

काल संध्याकाळी अप्पांनी मला दारातच अडवलं, माझा चष्मा काढला आणि पुसत बसले. गौरीची बॅग भरून झाली होती. बाटलीही तळाला आली होती. अप्पा पुसतच होते.

"सर, हे थेंब महिन्याच्या वर घातले तर काय नुकसान हाय का हो?"

चष्मा त्यांच्या हातात होता, त्यामुळं मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मी चष्मा मागितला नाही.