वाणात गेलेल्या डिस्का

"एवढ्याशा मशीनले इतक्या डिस्का कायले लागतात वं?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

छायानं पोळी लाटायची थांबवली आणि पोळपाटावरच्या पिठात बोटानं तीन चौकोन काढले. "एकाच डिस्कवर सगळं कोंबलं की ती धावून धावून मरते, आई. अन् मेली की सगळं संगच घेऊन जाते. म्हणून इथं मालाची माहिती, इथं दिवसभरात काय काय झालं त्याची नोंद, अन् ही तिसरी, सगळ्याची नक्कल. तिघी एकमेकीपासून लांब."

"एका घरात तीन चुली."

"हाव. पण भांडणाशिवाय."

"मंग ते घर नोहे," रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि त्यांनी पीठ पुसून टाकलं, कारण तव्यावरची पोळी करपत होती.

छाया लग्न होऊन धाड गावी आली त्याला अजून वर्ष व्हायचं होतं. नवरा हर्षल पिकअपमधून भाजी बाजाराला न्यायचा आणि छाया गावच्या भाजीपाला कंपनीत सर्व्हर सांभाळायची. सर्व्हर म्हणजे मोठ्या नावाची छोटी पेटी. पंचक्रोशीतल्या कोणत्या शेतकऱ्यानं किती मिरची, किती टमाटे घातले, ते सगळं त्या पेटीत, आणि तेही एकाच म्हाताऱ्या डिस्कवर. ती डिस्क हल्ली कुरकुर करायला लागली होती. अध्यक्ष उकंडराव म्हणाले, एक मोठी डिस्क आणू, झालं. छायानं बैठकीत उभं राहून सांगितलं की मोठी एक नको, लहान लहान आठ पाहिजेत, आणि कोणती कुठं बसणार याचा नकाशा सगळ्या मंडळींसमोर फळ्यावर काढला. मंडळींना नकाशा कळला नाही, पण पोरगी घाबरत नाही हे कळलं. डिस्का मागवल्या गेल्या.

कुरिअरवाल्याला कंपनीचं गोदाम काही सापडत नसे, म्हणून पार्सल छायाच्या घरी यायचं. आणि त्याच आठवड्यात छायाच्या पहिल्या संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वाणाला स्टीलच्या वाट्या तिनं फोनवरूनच मागवल्या होत्या. दोन्ही खोकी एकाच दिवशी आली, दोन्हींवर छायाचंच नाव.

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी छाया काळी साडी नेसून, हलव्याचे दागिने घालून बसली, तोच उकंडरावांचा फोन आला. मशीन अडकलं होतं. "आलेच आई, दहा मिनिटांत," म्हणून ती तशीच निघाली आणि हलव्याचा हार गळ्यात घालून सर्व्हरपुढे बसली. ती मशीनला लागली होती आणि मुंग्या हाराला.

इकडं बायका यायला लागल्या. आलेल्या सवाष्णीला ताटकळत ठेवायचं म्हणजे काय? रुक्मिणीबाईंनी हाताला लागलं ते खोकं फोडलं. आत चंदेरी पिशव्यांत गुंडाळलेल्या सारख्या आकाराच्या जाड, वजनदार वस्तू होत्या. रुक्मिणीबाईंचा ऊर भरून आला. लोकांच्या सुना प्लास्टिकचे डबे लुटतात, आपली सून पाहा.

"हे काय वं?" कौशल्याबाईंनी पिशवी हातात तोलून विचारलं.

"इंजिनेर सुनेचं वाण हाय," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "तुले कळाचं नाही."

पहिल्या आठ जणींनी पदर पुढे केला आणि आठही डिस्का लुटल्या गेल्या. नवव्या बाईसाठी दुसरं खोकं उघडलं, तर आत वाट्या निघाल्या. वाट्या मिळालेल्या बायका आपली वाटी बघत, शेजारणीची पिशवी बघत, तोंड वाकडं करून घरी गेल्या.

छाया परतली तेव्हा कोपऱ्यात रिकामं खोकं पडलेलं होतं. तिला एका नजरेत सगळं समजलं. समोर सासूबाई हसऱ्या चेहऱ्यानं तिळगूळ आवरत होत्या. "लय नाव झालं पोरी तुहं," त्या म्हणाल्या. छायानं मान हलवली आणि गळ्यातला हार काढून ठेवला.

सकाळी हर्षल म्हणाला, "मागून आण ना. त्यात काय एवढं?"

"वाण परत मागतात काय कुठं? अन् आईनं दिलंय ते. गावभर होईल की रुक्मिणीबाईनं सुनेच्या हापिसाचा माल वाटला. त्यायले किती लागेल, ठाव हाय ना तुले?"

हर्षलला ठाऊक होतं. त्याच्या आईनं जन्मात कधी 'माझं चुकलं' म्हटलं नव्हतं. भाजी खारट झाली तर त्या मीठवाल्याला बोलत.

तरी छाया कौशल्याबाईंकडे गेली. डिस्क देवघरात होती, वर हळदीकुंकू, पुढे तिळाचा लाडू. कौशल्याबाईंनी चहा पाजला आणि सुनेचं इतकं कौतुक केलं की छायाला मागायचं धाडस झालं नाही. आशाबाईंकडे डिस्क लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर ठेवलेली होती. "लय जड हाय, झाकण बिलकूल उचलत नाही," आशाबाई खूश होऊन म्हणाल्या. छायानं तिथंही चहा घेतला. तिसऱ्या घरी कळलं की कोकिळा वाण पिशवीत टाकून एसटीनं माहेरी, जळगाव जामोदला गेली. छाया चहानं भरलेलं पोट आणि रिकामे हात घेऊन घरी आली.

तेवढ्यात उकंडरावांचा फोन. "पोरी, मशीन लय कुरकुर करून राह्यलं. उद्यापरवा मरते आता. आल्या का डिस्का?"

"आल्या काका."

"कुठं हायत?"

"गावातच हायत," छाया म्हणाली. मग खोटं बोलायला नको म्हणून पुढे म्हणाली, "एक बाहेरगावी गेली हाय."

"जपून ठेवल्या ना पण?"

"एक तर देवघरात हाय."

उकंडराव समाधानानं म्हणाले, "हे चांगलं केलं." त्यांनी फोन ठेवला आणि छायाला रडू आलं. उद्या ती म्हातारी डिस्क बंद पडली तर शेकडो शेतकऱ्यांच्या मालाची नोंद जाणार होती, आणि आपल्यावर भरवसा ठेवलेल्या त्या भल्या माणसाचं तोंड बघायचं कसं, हे तिला कळेना. पण मागायचं तर सासूबाईंची मान खाली. शेजारच्या खोलीत रुक्मिणीबाई शेंगा फोडत होत्या. फोडायचा आवाज मात्र मघापासून बंद होता.

रविवारी छायानं मनाचा हिय्या केला. काय व्हायचं ते होवो, म्हणत ती कौशल्याबाईंच्या दारात उभी राहिली. देवघरात डिस्क नव्हती, नुसतं कुंकू सांडलेलं होतं.

"तुही सासू घेऊन गेली नं पाहाटेच," कौशल्याबाई म्हणाल्या. "वाटी देल्ली बदल्यात."

"काय म्हणल्या?"

"म्हणे, माहं चुकलं. सुनेच्या हापिसाचा माल मी न इचारता लुटला, तिचा काही दोष नाही. कान धरले बाप्पा तिनं माह्यासमोर. चाळीस वर्सं शेजारी राह्यते, पण असं मी काही पाह्यलं नाही. मले तं वाटलं तिची तब्येत बिघडली."

आशाबाईंच्या घरीही तेच. पुढच्या घरीही तेच. छाया जवळपास धावतच कंपनीत पोचली. गोदामाच्या पायरीवर रुक्मिणीबाई भाजीची टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. टोपलीत सात चंदेरी पिशव्या होत्या. "आठवी कंडक्टरच्या हाती येऊन राह्यली," त्या म्हणाल्या. "कोकिळेले फोन केला मी."

"आई, तुमाले कवा समजलं?"

"वाट्या निघाल्या तवाच."

"मंग बोलल्या काऊन नाही?"

"म्हणलं, तू भांडशील. तू भांडली असती तं म्या बी भांडण केलं असतं, अन् चुकलं तं म्हणलंच नसतं." रुक्मिणीबाईंनी पदरानं एका पिशवीवरचं कुंकू पुसलं. "तू गप बसली. घरोघर चहा पेत फिरली माह्यासाठी. मंग मले झोपच येईना. लय वाईट सून हायेस तू."

छायानं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडून घेतलं. रुक्मिणीबाई एका हातानं तिला थोपटत होत्या आणि दुसऱ्या हातानं टोपली सांभाळत होत्या.

दुपारी एसटी आली, आठवी डिस्क आली आणि कामाला सुरुवात झाली. आपलं वाण बसतं कुठं ते बघायला बायकाही आल्या. छायाला त्यांना चपला बाहेर काढायला सांगावं लागलंच नाही, मशीनची पूजा समजून त्या काढूनच आल्या होत्या. उकंडराव दाराशी उभे राहून सगळं बघत होते. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं आणि विचारायची त्यांची छाती नव्हती.

"माही कोणती?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"ही. कुठं काय झालं की झाल्याझाल्या लिहून ठेवायचं, एक बी गोष्ट सोडायची नाही, हे हिचं काम."

सगळ्या बायकांनी कौशल्याबाईंकडे बघितलं. "बरोबर देल्ली," आशाबाई म्हणाल्या. आशाबाईंच्या डिस्कवर माल भरला जाणार होता. कोकिळेची नकलेची, दर आठवड्याला गावाबाहेर न्यायची. कोकिळा फोनवरून म्हणाली, "माहेरी चालते काय?" मशीन ज्यावर चालायचं त्या युनिक्स प्रणालीत प्रत्येक डिस्कला एक नाव देऊन जोडावं लागतं, तेव्हा छायानं फळ्यावरच्या नकाशातली रूक्ष नावं सोडून बायकांचीच नावं टाकली; एकीला बदल्यातली वाटीच जास्त आवडली होती, म्हणून एक डिस्क उरली. सोमवारपासून अध्यक्षांना मशीनचा निरोप येणार होता की आशाबाई अर्ध्या भरल्या आहेत.

माहिती जुन्या डिस्कवरून नव्यांवर जाऊ लागली. ती कुरकुरत होती, पण चालत होती. बायका पांगल्या. रुक्मिणीबाई मागे राहिल्या, आणि कोणी ऐकत नाही असं बघून त्यांनी हळूच विचारलं, "अन् ती शेवटची? तिथं दिवा लागला, पण ती तं काही करून नाही राह्यली."

"ती तुमची," छाया म्हणाली. "ती काहीच करत नाही. नुसती जागी राह्यते. दुसरी कोणती बंद पडली, की कोणाले न सांगता तिच्या जागी उभी राह्यते, अन् तिचं सगळं आपल्यावर घेते."

रुक्मिणीबाईंनी वाकून तो हिरवा दिवा जवळून पाहिला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "पण तिले सारखं सारखं काम सांगत जाऊ नोको."