सात पायल्यांची पेटी

आमचे गुलाबतात्या कुणाच्या घरी गेले की आधी कपाटावर टिचकी मारतात. मान वाकडी करून ऐकतात आणि सांगतात, "तीस पायल्या. आत कापडं कोंबल्यात." पिठाचा डबा असो, स्टँडसमोरची पोस्टाची पेटी असो, तात्यांच्या टिचकीतून काही सुटत नाही. एकदा माझ्या पोटावरही मारली. "दीड पायली. जेवला न्हाईस जणू अजून." मी खरंच जेवलो नव्हतो.

मूळचे तात्या पलंग, पाट, दरवाजे करणारे सुतार. पण नव्वद सालानंतर बारामती-इंदापूर रस्त्यावर वडापच्या, म्हणजे शिटा कोंबून पळणाऱ्या, जीपांची झुंबड उडाली, आणि जिचा आवाज दांडगा ती जीप आधी भरायला लागली. मग काय, प्रत्येक ड्रायव्हरला बूफर, म्हणजे गाण्याचा ठोका काढणारा दांडगा स्पीकर पाहिजे आणि बूफरला पेटी पाहिजे. पेटी केवढी करायची याचा इंग्रजीत छापलेला कागद बूफरच्या खोक्यात यायचा. तात्यांनी तो एकदा उलटासुलटा पाहिला, त्यावर सरसाचा डबा ठेवला आणि घरातून ज्वारीचं पोतं ओढून आणलं.

पेटी उताणी ठेवायची आणि बूफरच्या भोकातून पायलीनं ज्वारी ओतायची. प्रत्येक पायलीवर फळी फिरवून माप सपाट करायचं. दहा इंची बूफरला पाच पायल्या, बारा इंचीला सात. पेटीत तेवढी मावली तर ठीक, नाही तर पेटी पुन्हा उकलायची. मोजताना "एक" म्हणायचं नाही. खळ्यावर धान्य मोजताना म्हणतात तसं "लाभ" म्हणायचं आणि मग दोन, तीन. मध्ये कुणी बोललं तर तात्या हात वर करत, आणि भल्याभल्यांची तोंडं मिटत. मोजून झालेली ज्वारी परत स्वयंपाकघरात जायची. काकू म्हणायच्या, "आमच्या भाकरीत निम्मा भुसा. खाऊन खाऊन ह्यांचं टाळकं सागवानी झालंय."

माझं शिलाईचं दुकान शेजारीच. तात्या मला हिणवायचे, "टेलर, तू माणूस भाईरनं मोजतो, मी आतनं." कुणी ड्रायव्हर लहान पेटी मागायला आला की त्याला बसवून घेत. "मोठा बूफर लहान पेटीत घालायचा म्हंजी जावयाला कोठीच्या खोलीत झोपवायचं. रातभर धुसफूस करतो आन् सकाळी बोंबलतो. पेटी लई मोठी झाली तर तोच जावई गावभर उंडारतो."

जावयाचा दाखला त्यांना उगीच सुचत नव्हता. एकुलती एक मंदा त्यांनी लासुर्ण्याला दिली. लेकीच्या लग्नाची पेटी म्हणून तात्यांनी त्या दिवशी मापावर फळी फिरवलीच नाही. सातही पायल्या शिगोशीग भरल्या. पेटी वाजवीपेक्षा मोठी झाली. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला घोड्यावरून निघाला, पुढं ती पेटी बसवलेली जीप. जीपमधून पहिला ठोका असा सैल, असा गडगडाटी निघाला की घोडं नवरदेवासकट उसात घुसलं. नवरदेव तासाभरानं मिळाला. बाशिंग मिळालं ते ऊसतोड सुरू झाल्यावर.

लग्न लागलं, पण व्याही आबासाहेब तिथंच म्हणाले, "हा माणूस आन् ह्याची पेटी माझ्या बांधाला दिसता कामा न्हाय." शब्दाला असे पक्के की मंदाला पहिल्या बाळंतपणालाही माहेरी पाठवली नाही. नातू झाल्याचं तात्यांना वडापच्या ड्रायव्हरकडून कळलं. मला त्या म्हाताऱ्याचा फार राग आला होता.  तात्यांनी मात्र इंदापूरला जाणाऱ्या नामदेवच्या जीपला सात पायल्यांची पेटी बसवली, सपाट मापाची, आणि एक अट घातली. लासुर्ण्याच्या अलीकडं कालव्याच्या पुलावर आवाज वाढवायचा. नामदेवला वाटलं, तिथं कुठलं तरी जागृत देवस्थान असणार. तो आवाज वाढवून हातही जोडायला लागला.

वर्षभर हे चाललं. मग एक दिवस नामदेव वैतागून आला. "तात्या, तुमच्या पेटीपायी माज्या दोन शिटा जात्यात. पाच पायल्यांची द्या. न्हायतर ही मी कोंबड्यांना खुराडं म्हणून देतो."

तो गेल्यावर तात्या माझ्या दुकानात येऊन बसले. कशावर टिचकी मारली नाही, तेव्हाच मी कात्री खाली ठेवली.

"पाच पायल्यांचा आवाज रस्त्याच्या कडंलाच मरतो," ते म्हणाले. "उसाच्या पल्याड पोरीच्या चुलीपतूर जायाला सातच लागत्यात. आबासायबांनी मला बंदी केली, पेटीला केली. ठोक्याला न्हाय केली. ठोका आला की पोरगी समजंल, बाप हाय अजून. पर जातो का न्हाय तितवर, कुणाला ठावं? तू अस्तर आणाया इंदापूरला जातोस न्हवं? बघून ये की एकडाव."

मी नामदेवच्या जीपमध्ये पुढं बसलो. म्हणजे मी, आणखी तिघं आणि निम्मा दाराबाहेर नामदेव. पुलावर त्यानं बटण पिळलं आणि स्टिअरिंग सोडून हात जोडले. शेजारच्या बाईच्या पिशवीतली वांगी उड्या मारायला लागली. माझ्या दाढेतलं सिमेंट हललं. पुलाच्या उंचीवरून उसाच्या पलीकडं एक घर दिसत होतं. पिठाच्या हातांनी मंदा धावत बांधावर आली आणि जीपकडं बघत उभी राहिली. तोंडभर हसत होती पोरगी.

"नामदेव, गाडी थांबव," मी म्हणालो.

कारण मंदाच्या मागं अंगणात खुद्द आबासाहेब होते. खांद्यावर वर्षाचं पोरगं. आणि त्या ठोक्यावर म्हातारा त्याला नाचवत होता, गुडघे वाकवून, धोतर सावरत. जीप थांबलेली दिसली तसे ते ताठ झाले, मिशीवरून हात फिरवला. पण पोरगं थांबेना. ते आपलं आपणच उसळत राहिलं आणि आजोबाचा फेटा ओढायला लागलं. मग म्हाताऱ्याचे गुडघेही हळूहळू पुन्हा हलायला लागले.

मी नामदेवला सगळं सांगितलं.  "म्हंजी वरीसभर मी मंदाक्काला हात जोडतोय व्हय?" असं म्हणून त्यानं गाडी सुरू केली. "ऱ्हाऊ द्या ती पेटी. दोन शिटा टपावर बसवतो."

परत आलो तेव्हा तात्या तोंड पाडून नामदेवची लहान पेटी मोजत होते. "लाभ... दोन... तीन..." मी बोलायला लागलो तर हात वर केला. मी तरी बोललो. मंदाचं सांगितलं, पेटी राहणार असल्याचं सांगितलं, आबासाहेबांचं सांगितलं.

"ठोक्यावर नाचवत हुते?"

"ठोक्यावर."

तात्यांनी आकडा न म्हणता एक पायली ओतली. आणखी एक ओतली. मग पेटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "किती झाल्या रं?"

मलाही माहीत नव्हतं. तात्या रडत होते आणि ते लपवतही नव्हते. त्यांनी सगळी ज्वारी पोत्यात पालथी केली आणि दुसरी, मोठी पेटी पुढं ओढली.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"नातवाच्या लग्नाला लागंल."

फळी त्यांनी बाजूला ठेवली. पायली शिगोशीग भरली, सांडू न देता भोकापर्यंत नेली.

"लाभ," म्हणाले.